बापूकाकांचा कप्तान : वारशात आलेल्या चित्राची किंमत कशी ठरवतात?

सायली_तिवंधा
जुन्या नाशकात तिवंध्याजवळचा आमचा वाडा पाडायला चाललाय. महिनाभर सामान उपसतोय. घंगाळं, पराती, समया सगळं वजनकाट्यावर ठेवून वाटून झालं, कुणाचा आवाज चढला नाही. अडलंय ते एका चित्रावर.

माडीचा जिना चढला की समोर ते असायचं. पांढरी दाढी, तोंडात पाइप, हनुवटीखाली बांधलेली पिवळी टोपी, मागे काळसर समुद्र आणि कोपऱ्यात इवलंसं शिडाचं जहाज. कॅनव्हासवर तैलरंग, २० बाय २४ इंच, भोवती चार बोटं रुंदीची सोनेरी नक्षीची फ्रेम. आम्ही त्याला 'कप्तान' म्हणायचो. दूध टाकलं की "कप्तान बघतोय हं" अशी धमकी मिळायची.

बापूकाका, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, मर्चंट नेव्हीत रेडिओ ऑफिसर होते. लग्न केलं नाही. चित्र त्यांनी आणलं. घरात सांगतात ते असं: हा काकांच्या जहाजाचा कप्तान, यानं वादळातून जहाज बाहेर काढलं आणि निवृत्त होताना स्वतःचं चित्र काकांना भेट दिलं. चित्र शंभर वर्षांपूर्वीचं आहे, असंही सांगतात.

काका २००९ मध्ये गेले, मृत्युपत्र नाही. वाटेकरी आम्ही तिघं: मी, माझा दादा आणि पुण्याचा चुलतभाऊ. दादाला चित्र हवंय. पुण्याचा म्हणतो, घे, पण किंमत काढ आणि आमचे वाटे दे. जुन्या वस्तू घेणारा एक जण बघून गेला, फ्रेमसकट ५ हजार म्हणाला. दादाच्या ओळखीतल्या कुणीतरी मोबाइलवर फोटो पाहून 'लाखांत जाईल' सांगितलं. तेव्हापासून दोघं भाऊ एकमेकांशी माझ्यामार्फत बोलतात. किंमत कोण काढतं? काय बघून काढतं? जाणकारांनी कृपया सांगा.

पंचवटीकर
सोपं आहे. लाख म्हणणाऱ्याला सांगा, मग लाख देऊन घेऊन जा. ५ हजारवाल्याला सांगा, आम्ही विकत नाही. पुढचं बोलणं ऐका, निम्मी किंमत तिथेच कळेल.

रंगरेषा
मी शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालो. काही गोष्टी सांगतो, पण आधी एक काम करा. चित्र भिंतीवरून उतरवा आणि पालथं करा. खाली स्वच्छ चादर घाला. चित्राचं तोंड सगळे बघतात, ओळख पाठीवर असते.

हे बघा आणि लिहा: कॅनव्हास लाकडी चौकटीला कशानं ठोकलाय, चुका की स्टेपलच्या पिना? चौकटीच्या कोपऱ्यांत लाकडी पाचरी आहेत का? कापड किती काळवंडलंय? चिठ्ठी, शिक्का, पेन्सिलीनं लिहिलेला आकडा, काहीही असेल तर त्याचा फोटो टाका. पुढून सहीचा जवळून फोटो घ्या. आणि खिडकीजवळ चित्र तिरकं धरून भिंगातून पाहा. रंगाचे उंचवटे दिसायला हवेत. बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर ती छपाई. तैलचित्रासारखे छापलेले ओलिओग्राफ आपल्याकडे घरोघर होते, त्यांवर वार्निश चढवून कॅनव्हासचा पोतही उठवत. भल्याभल्यांची फसगत होते.

पुसू नका. काहीही लावू नका.

घरगुती_उपाय
वर्षानुवर्षांचा धूर बसलेला असेल तर बटाटा अर्धा कापून हलक्या हातानं चोळा, मग ओल्या फडक्यानं पुसा. आमच्याकडच्या देवांच्या तसबिरी लख्ख झाल्या होत्या.

रंगरेषा
@घरगुती_उपाय, तुमच्या तसबिरींवर काच असणार, म्हणून वाचल्या. तैलचित्रावर हे अजिबात करू नका. बटाट्याचा स्टार्च आणि पाणी रंगाच्या भेगांतून खाली उतरतं. कॅनव्हासवर सरस आणि खडूचा थर असतो, तो फुगतो आणि रंगाचे पोपडे सुटतात. शिवाय स्टार्चवर पावसाळ्यात बुरशी येते. कांदा, लिंबू, पाव, साबण यांचंही तेच. मऊ कोरड्या ब्रशनं वरची धूळ झटका, तीही रंग कुठे सुटत नसेल तरच. पुढचं काम संवर्धकाचं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलासंवर्धन केंद्र आहे, तिथे विचारता येतं.

पंचवटीकर
आणि थुंकी? आमचे आजोबा चष्मा थुंकीनंच पुसायचे.

रंगरेषा
हसाल, पण संवर्धक खरोखर वापरतात. लाळेतल्या एन्झाइममुळे काही प्रकारचा मळ सुटतो. कापसाच्या बोळ्यावर, आधी कोपऱ्यात चाचणी घेऊन, प्रशिक्षित हातानं. घरी नाही!

देवळालीकर_बानू
चित्राचा विषय वाचून राहवलं नाही. देवळालीला माझ्या आजीच्या बंगल्यात एका जहाजाचं चित्र होतं. आमच्या पूर्वजांचा चीनशी व्यापार होता आणि कँटनचे चिनी चित्रकार तिथे येणाऱ्या जहाजांची चित्रं काढून देत. त्यात माणूस नसतो, जहाजच उभं असतं, एका बाजूनं पूर्ण दिसेल असं, सगळे झेंडे फडकत.

तुम्हाला माहीत असेलच, मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यानं पिढ्यान् पिढ्या सागवानी जहाजं बांधली. लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून १७३६ मध्ये मुंबईला आले. १८१७ मध्ये इथे उतरवलेलं 'त्रिंकोमाली' अजून इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतंय. 'कॉर्नवॉलिस' मुंबईचंच, १८४२ चा नानकिंगचा तह त्याच्यावर झाला. अशा जहाजाचं त्या काळातलं चित्र असेल तर मोल वेगळंच. सायलीताई, तुमच्या कोपऱ्यातल्या जहाजावर नाव दिसतं का?

रंगरेषा
@बानूबाई, छान आठवण. त्या चित्रांत एक मेख असते. चित्र विकत घेणारा स्वतः कप्तान किंवा मालक, तो दोरन् दोर तपासणार. त्यामुळे शिडं, डोलकाठ्या, झेंडे काटेकोर बरोबर असतात. जहाज कोणतं ते ओळखता येतं, म्हणून त्याची किंमत करता येते. सायली यांच्या चित्रात जहाज कोपऱ्यातला एक ठिपका आहे. ते शोभेपुरतं दिसतंय.

सायली_तिवंधा
सगळ्यांचे आभार. दादा आणि मी मिळून चित्र उतरवलं. फोटो टाकलेत.

१. रंगाचे उंचवटे आहेत. दाढी तर सुरीनं थापल्यासारखी जाड. ठिपके नाहीत.
२. कॅनव्हास चुकांनी ठोकलाय, गंजल्यात. चारही कोपऱ्यांत पाचरी आहेत.
३. सही उजवीकडे खाली, लाल रंगात. 'यान्सन' असं काहीसं वाचता येतं.
४. मागे फाटकी चिठ्ठी आहे. दुकानाचं नाव अर्धं गेलंय. खाली '२००० हॅम्बुर्ग ११' वाचता येतंय. दादा म्हणतो, हे २००० साल. पण काका तर १९८८ पासून घरीच होते!
५. जहाजावर नाव नाही. भिंगातून ते चार फटकारे दिसतात फक्त.

फ्रेमच्या मागे भुसा पडत होता, तो झटकला.

हॅम्बुर्ग_ते_हडपसर
अरे वा, माझी गल्ली आली! हॅम्बुर्गला अकरा वर्षं काढली आहेत मी.

२००० हे साल नाही, पिनकोड आहे. पश्चिम जर्मनीत चार आकडी पिनकोड १९६१ मध्ये आले आणि १ जुलै १९९३ ला ते जाऊन पाच आकडी आले. हॅम्बुर्गचा होता २०००, पुढचा ११ म्हणजे शहरातला टपाल विभाग. म्हणजे ही चिठ्ठी १९६१ ते १९९३ मधली. तुमचं शंभर वर्षांचं चित्र बहुधा साठीच्या आत आलं.

आता दुसरं, जरा जपून सांगतो. हा माणूस मी ओळखतो. म्हणजे त्याला हजार वेळा पाहिलंय. पांढरी दाढी, पाइप, पिवळी टोपी: जर्मनी, हॉलंड, डेन्मार्कच्या किनाऱ्यावर म्हाताऱ्या दर्यावर्दीचं हे चित्र खानावळीत, न्हाव्याच्या दुकानात, लोकांच्या बैठकीत सगळीकडे असायचं. बंदरात उतरणाऱ्या खलाशांनाही आठवण म्हणून विकत. चित्र हातानंच काढलेलं, खरे तैलरंग, पण तोच चेहरा पुन्हा पुन्हा. सह्याही पुष्कळदा दुकानाला सोयीच्या टोपणनावांच्या. यान्सन हे तिकडे आपल्या पाटलांइतकं सर्रास आडनाव, त्यामुळे सहीवरून चित्रकार सापडेल असं धरून चालू नका.

तांडेल_सातपूर
मी जातीचा कोळी, नोकरीनं सातपूर एमआयडीसीत. टोपीबद्दल बोलतो. ती पावसाळी टोपी मासेमाराची आहे. मागची कड लांब असते बघा, लाट अंगावर आली की पाणी मानेवरून कोटाच्या आत न जाता बाहेर पडतं. पूर्वी सुती कापडाला जवसाचं तेल पाजून ती बनवत, तेलानंच पिवळी पडायची. उघड्या होडीत जाळं ओढणाऱ्याचे ते कपडे. मोठ्या जहाजाच्या कप्तानाच्या बाहीवर चार सोनेरी पट्ट्या असतात, तो चित्र काढून घ्यायला बसला तर त्या दाखवेल की नाही? आमच्या भाषेत हा कप्तान नाही, तांडेल आहे, होडीचा म्होरक्या. आणि तांडेल म्हणजे काही कमी नाही.

रंगरेषा
वा! आणि तैलरंगही जवसाच्याच तेलात घोटतात. टोपी आणि तिचं चित्र, दोन्ही एकाच तेलाचे.

मनीषा_इंदिरानगर
वाचतेय. फार छान चाललाय धागा. आमच्या सासूबाई म्हणतात समुद्राचं चित्र घरात ठेवू नये, वास्तूला चालत नाही.

पंचवटीकर
सासूबाईंना सांगा, दर पावसाळ्यात गोदामाई दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागते, ती कुठल्या वास्तूत धरायची?

मार्कोनी_निवृत्त
मी स्वतः रेडिओ ऑफिसर होतो, काकांचा व्यवसायबंधू. आम्हाला जहाजावर 'स्पार्क्स' म्हणत. १ फेब्रुवारी १९९९ ला उपग्रहाची यंत्रणा पूर्ण लागू झाली आणि आमची जात संपली. म्हणून काकांच्या आठवणीनं चार ओळी जास्त लिहितो, चालवून घ्या.

रेडिओ रूमच्या घड्याळावर दोन लाल पट्टे असत, तासाच्या १५ ते १८ आणि ४५ ते ४८ या मिनिटांवर. त्या तीन-तीन मिनिटांत ५०० किलोहर्ट्झवर जगातल्या सगळ्या जहाजांनी गप्प बसून ऐकायचं, कुणी बुडताना हाक मारतंय का. अटलांटिकमध्ये रात्री हेडफोन लावून त्या शांततेत बसलेला माणूस काय ऐकतो, ते त्यालाच माहीत. काका घरी कमी बोलायचे का? आमच्यातले बरेच तसे होतात.

आता मुद्दा. बंदरात जहाज लागलं की रेडिओ ट्रान्समीटर वापरायला मनाई. म्हणजे इंजिनवाले इंजिन खोलून बसलेत, डेकवाले मालाच्या मागे, आणि स्पार्क्स मोकळा. जहाजावर सगळ्यात जास्त शहर तोच फिरायचा. हॅम्बुर्गला धक्क्यावरून उतरलं की दुकानंच दुकानं. चित्र काकांनी स्वतः घेतलं असणार, यात मला शंका वाटत नाही. कप्तानाचं म्हणाल तर, बंद ब्रिजवर, म्हणजे जहाज हाकायच्या खोलीत, उभ्या राहणाऱ्या कप्तानाच्या डोक्यावर अशी टोपी मी वीस वर्षांत पाहिली नाही.

काकांची सीडीसी सापडते का बघा, खलाशाचं पुस्तक. कोणत्या जहाजावर कधी चढले, कधी उतरले त्याच्या नोंदी असतात. मधली बंदरं त्यात नसतात, ती पत्रांतून सापडतात. पत्रं कुणाला लिहायचे?

सायली_तिवंधा
@मार्कोनी_निवृत्त, तुमचं वाचून मला काकांचं भिंतीवरचं घड्याळ आठवलं. त्यावर लाल पट्टे होते. आम्हाला वाटायचं रंग उडून तसं झालंय. ते भंगारात गेलं दहा वर्षांपूर्वी.

सीडीसी सापडली, दोन पुस्तकं. पत्रं नाहीत. आमच्या घरी काका पत्र लिहीत नसत, आजोबांना त्यांचं दर्यावर जाणं पटलं नव्हतं. लिहीत ते आत्याला.

सीबीएसवाली_वकील
थांबा थांबा. आत्या? पहिल्या पोस्टमध्ये तीन वाटेकरी लिहिलेत. २००९ मध्ये काका गेले तेव्हा त्यांची भावंडं कोण कोण हयात होती?

सायली_तिवंधा
कुणीच नाही. आत्या १९९८ ला गेली, बाबा २००१ ला, धाकटे काका २००५ ला. आत्याची एक मुलगी आहे, कुमुदताई, संगमनेरला.

सीबीएसवाली_वकील
मग वाटेकरी चार आहेत. हिंदू वारसा कायदा १९५६ प्रमाणे अविवाहित माणसाला पत्नी, मुलं, आई नसेल तर दुसऱ्या वर्गातले वारस बघतात, वडील नसतील तर मग भाऊ-बहिणी. त्याही नसतील तर पुतणे, पुतण्या, भाचे, भाच्या हे सगळे एकाच पायरीवर, आणि सगळ्यांना सारखा वाटा. भावाची मुलं आधी आणि बहिणीची नंतर, असं कायद्यात कुठेही नाही. तुमचा, दादांचा, पुण्याच्या भावाचा आणि कुमुदताईंचा प्रत्येकी पाव.

वाड्याचा प्रश्न वेगळा, पण त्या कागदांवर त्यांची सही घेतली आहे ना?

सायली_तिवंधा
वाड्याच्या कागदांवर घेतली, बिल्डरच्या वकिलानं सांगितलं म्हणून. सामान वाटताना मात्र कुणाच्या मनातही आलं नाही. माझ्याही नाही. मुलगी असून नाही, याचं जास्त वाईट वाटतंय. घंगाळं वाटली तेव्हाही तिला फोन केला नव्हता. उद्या करते.

आकडेमोड_सीए
कराचं सांगून टाकतो, कुणीतरी विचारेलच. वारशात आलं म्हणून कर नाही. विकलंत तर मात्र लागू शकतो. घरातलं फर्निचर, कपडे 'वैयक्तिक वापराच्या वस्तू' म्हणून सुटतात, पण चित्रं, शिल्पं, दागिने सुटत नाहीत, ती भांडवली मालमत्ता धरतात. नफा मोजताना मूळ मालकाला पडलेली किंमत घेतात, आणि वस्तू १ एप्रिल २००१ च्या आधीची असेल तर त्या दिवशीची बाजारभावाची किंमत घेता येते. आपसात वारसाची वाटणी करताना ही भानगड येत नाही, फक्त कागदावर चौघांच्या सह्या करा.

देवळालीकर_बानू
आणि शंभर वर्षांचं निघालं असतं तर?

सीबीएसवाली_वकील
तर १९७२ चा पुरावशेष आणि कलाकृतींचा कायदा आला असता. शंभर वर्षांवरचं चित्र हा पुरावशेष, सरकारच्या परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही, आणि अशा वस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो. बानूबाई, तुमच्या आजींचं चित्र कुठे आहे हो आता?

देवळालीकर_बानू
मामेभावाकडे मुंबईला. आजच त्याला फोन करते!

नाशिकरोडचा_छापखाना
माझे वडील नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमध्ये होते, त्यामुळे घरात अतिनील दिव्याचं वेड आहे. सायलीताई, तुम्ही तिवंध्यात, मी जेलरोडला. दिवा घेऊन येऊ का? मागच्या चिठ्ठीचा कागद बघता येईल. साधारण १९५० नंतरच्या कागदात चकाकी आणणारी रसायनं घालू लागले, तो कागद या उजेडात निळसर पांढरा पेटतो. जुना कागद तसा पेटत नाही.

रंगरेषा
जरूर जा! आणि अंधारात चित्रावरही धरा. नैसर्गिक राळेचं जुनं वार्निश हिरवट धुक्यासारखं दिसतं. त्यावर नंतर कुणी रंग लावला असेल तर तेवढा भाग काळा डाग दिसतो.

लाकूडफाटा
मी फ्रेमा करतो, द्वारका परिसरात. तुम्ही लिहिलंत भुसा पडत होता. तो भुसा नाही, किड्याचा चुरा आहे. फोटोत टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसतायत. फ्रेम वेगळी करून प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवा, नाहीतर किडा कॅनव्हासच्या चौकटीत जाईल. आणि सोन्याचा मुलामा नाही तो. खरा वर्ख काळा पडत नाही. तुमची फ्रेम खोबणींत तपकिरी झालीय, म्हणजे पितळी पावडरीचा रंग. नक्षीही लाकडात कोरलेली नाही, साच्यातून काढून चिकटवलीय. तरी काम चांगलं आहे, टाकू नका.

सायली_तिवंधा
काल जेलरोडहून छापखानावाले आणि त्यांचा मुलगा दिवा घेऊन आले. (चहा-चिवड्याशिवाय जाऊ दिलं नाही.) दारं लावून अंधार केला. चिठ्ठी लखकन निळी पेटली. चित्रावर सगळीकडे सारखं हिरवट धुकं, फक्त डाव्या खांद्यावर रुपयाएवढा काळा डाग. तिथे कुणीतरी रंग लावलाय. लहानपणी पुण्याच्या भावानं तिथे चेंडू मारला होता, त्याला फोन केला तर तो एकदम हसायला लागला. म्हणाला, "काकांनी मला बरोबर बसवून पोस्टरच्या रंगानं दुरुस्त केलं होतं, कुणाला सांगायचं नाही म्हणून." चाळीस वर्षं त्यानं सांगितलं नव्हतं. मग त्यानं विचारलं, दादा आहे का तिथे, त्याला दे जरा. दोघं पाऊण तास बोलले.

कुमुदताईशीही बोलले. तिच्याकडे आत्याची ट्रंक आहे. त्यात काकांची पत्रं आहेत. सगळी! ती रविवारी येतेय.

पंचवटीकर
रविवारी कुणी कुठे जाऊ नका रे.

रेवदंड्याचा_नातू
थोडं अवांतर. माझे पणजोबा 'रामदास' बोटीवर होते, १७ जुलै १९४७, रेवसला निघालेली. ते परतले नाहीत. आमच्याकडे त्यांचं काहीच नाही, फोटोसुद्धा नाही. तुमच्या काकांची पत्रं कोरडी आहेत का, शाई उडत नाही ना, ते बघा आणि लगेच फोटो काढून ठेवा.

सायली_तिवंधा
कुमुदताई येऊन गेली. पत्र सापडलं. हॅम्बुर्ग, फेब्रुवारी १९६८. तिची परवानगी घेऊन थोडं उतरवते (नाना म्हणजे आमचे आजोबा):

"सुएझ बंद, केपला वळसा घालून आलो, अंगात थंडी मुरली आहे. धक्क्याजवळच्या दुकानात एका दर्यावर्दी म्हाताऱ्याचे चित्र मिळाले, पस्तीस मार्क पडले. एवढ्या थंडीत तो इतका निवांत पाइप ओढतो आहे की त्याच्याकडे बघून ऊब वाटते. केबिनमध्ये लावले आहे. येताना घेऊन येईन. नानांना किंमत सांगू नकोस, पैसे उधळले म्हणतील. आमच्या कप्तानाने भेट दिले असे सांग. वादळाचे एखादे घालून दे, तुला जमते."

आत्यानं घालून दिलं! वादळ आत्याचं आहे. ती गोष्टी फार सुंदर सांगायची, आम्ही तिघंही तिच्या मांडीवर त्याच वादळात झोपलोय. कुमुदताईला हे सगळं माहीत होतं. मी विचारलं, कधी सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, कुणी विचारलंच नाही गं.

मार्कोनी_निवृत्त
पत्र दोनदा वाचलं. 'केबिनमध्ये लावले आहे' या ओळीपाशी थांबलो. १९६७ च्या जूनपासून १९७५ च्या जूनपर्यंत सुएझ बंद होता, प्रत्येक फेरीत कित्येक दिवस जास्तीचे. त्या दिवसांत केबिनच्या भिंतीवर एक चेहरा असणं किती मोठी गोष्ट आहे, ते मला विचारा.

हॅम्बुर्ग_ते_हडपसर
पिनकोड जुळला, काळ जुळला, दुकान धक्क्याजवळचं, तेही जुळलं. आता किमतीवर बोलतो, कारण मूळ प्रश्न तोच होता. अशी चित्रं तिकडे आजही जुन्या बाजारांत मिळतात आणि शंभर युरोच्या आतबाहेर जातात, बरीच त्याहून खाली. लाखाची भाषा विसरा.

रंगरेषा
सहमत. सायलीताई, किंमत एक नसते, कशासाठी काढता त्यावर ती बदलते. विम्यासाठी काढली तर तसंच दुसरं आणायला काय पडेल ते बघतात. विकायला काढली तर घेणारा काय देईल ते, आणि दुकानदार स्वतःचा नफा ठेवून देणार. मुंबईच्या सॅफ्रनआर्ट, पंडोल्स, अॅस्टागुरूसारख्या लिलावसंस्थांचा भर भारतीय चित्रकारांवर आहे, हे चित्र त्यांच्या कामाचं नाही. तुम्हाला हवी आहे वाटणीची किंमत, म्हणजे चौघांना मान्य असलेला वाजवी बाजारभाव. माझ्या अंदाजानं फ्रेमसकट ७ ते ९ हजार. ५ हजार म्हणणाऱ्यानं तुम्हाला फसवलं नाही, त्यानं धंद्याचा भाव सांगितला.

पत्रामुळे बाजारात चार पैसे वाढतील, फार नाही. पण पत्र आणि चित्र वेगळं करू नका. पत्र कॅनव्हासला चिकटवू तर मुळीच नका.

सायली_तिवंधा
८ हजार ठरली, चौघांना मान्य. प्रत्येकी २ हजार, दादा आम्हा तिघांना देणार होता. पुण्याच्यानं घेतले नाहीत, खांद्याच्या डागाची नुकसानभरपाई म्हणाला. मी घेतले आणि फ्रेमच्या औषधपाण्याला देतेय. कुमुदताईनं मात्र घेतले, मोजून घेतले, आणि मला ते फार बरं वाटलं. घंगाळांतलं मोठं तिला दिलं, भांड्यांचा हिशेब नव्यानं केला. पत्र तिच्याकडेच राहील. तिनं त्याची रंगीत प्रत काढून दिलीय, ती मागे पाकिटात ठेवू.

शेवटचा प्रश्न. दादाचा फ्लॅट इंदिरानगरला. दिवाणखान्यात दोन भिंती मोकळ्या आहेत, एक बाहेरची पश्चिमेची, एक आतली, पण तिच्यापलीकडे न्हाणीघर. कोणती?

लाकूडफाटा
दोन्ही नकोत. पश्चिमेची पावसात सादळेल, दुसरीला आतून ओल येईल. दाराच्या समोर पॅसेज आहे का? तिथे लावा. मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, भिंत आणि कॅनव्हासमध्ये हवा खेळती राहील. आणि एका खिळ्यावर टांगू नका, वजनदार फ्रेम आहे, तिरकी होत राहते. दोन स्क्रू मारा, वीतभर अंतरावर.

सायली_तिवंधा
पॅसेजमध्येच लावलं. दोन स्क्रू मारले. सरळ बसलंय.